एकही ओळ जुळेना

१

"एकही ओळ जुळत नाही," ऋषी केतकर म्हणाला. सांगण्याचा थाट असा, की ओळी न जुळण्याचं श्रेयही त्यालाच मिळावं.

शेफाली मोहरीलने अजून पाठीवरची सॅकसुद्धा उतरवली नव्हती. मंगळवारी सकाळी कोथरूडहून स्कूटर हाणत ती सदाशिव पेठेत आली होती, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या, आणि जिना चढून येते तो दारातच हे स्वागत. मोठ्या कंपनीतली सर्व्हर सांभाळायची नोकरी सोडून तिला काही वर्षं झाली होती. आता ती पेठांमधल्या लहानसहान संस्थांचे कॉम्प्युटर सांभाळायची. त्यात मिळकत बेताची, पण भानगडी एकाहून एक सरस. आणि शेफालीला मिळकतीपेक्षा भानगड प्यारी आहे, हे तिच्या घरच्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं.

"आधी बसा," ज्ञानदेव टिळेकर म्हणाले. "ओळी जुळतच नाहीत, तर त्या कुठे पळूनही जाणार नाहीत."

खाली दातांचा दवाखाना आणि वर संस्कृतचे क्लास, अशा इमारतीच्या मधल्या मजल्यावर शिवारनाम मंडळाचं ऑफिस होतं. गावातल्या प्रत्येक शेताला, ओढ्याला, माळाला लोकांनी काहीतरी नाव ठेवलेलं असतं. भोपळीचं वावर, सतीची पट्टी, उंदरमाळ. सातबाऱ्यावर गट नंबर येतो, हे नाव येत नाही. ते म्हाताऱ्यांच्या तोंडात असतं आणि त्यांच्याबरोबरच जातं. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाल्यावर टिळेकरांना ही नावं गोळा करायचं वेड लागलं. आता त्यांच्याकडे दोन लाखांवर नावं जमली होती. सगळी एका मोठ्या फायलीत, एका ओळीत एक नाव, आधी जिल्हा, मग गाव.

"हे पुस्तक म्हणून छापायचं आहे," टिळेकर सांगू लागले. "छापण्याआधी वाचन. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ टिपणाशी ताडायचं. खात्यात आम्ही तसंच करायचो. कालपासून आधी विदर्भाचं वाचन सुरू होणार होतं. शनिवारी संध्याकाळी फायलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून या कपाटात ठेवली, किल्ली माझ्याकडे. काल सकाळी ऋषीने दोन्ही ताडून पाहिल्या, तर हे."

"म्हणजे रविवारी कुणीतरी ऑफिसातल्या फायलीत हात घातला."

"कुणीतरी कशाला?" ऋषी म्हणाला. तो मंडळाची वेबसाइट बघायचा. "मॅडम, ओपन अँड शट केस आहे. लॉगिन प्रियदर्शनीचं. पेन ड्राइव्हची कॉपीही तिनेच काढलेली. मग खरी फाइल कुठली? टोटल मेस!"

मॉनिटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत पासवर्ड लिहिलेला होता. शेफालीने तिच्याकडे बोट दाखवलं.

"हे लॉगिन कोण कोण वापरतं?"

"सगळेच," टिळेकर जरा ओशाळून म्हणाले. "ऑफिसच्या किल्ल्याही चौघांकडे आहेत. मी, ऋषी, टायपिंग करणाऱ्या सुशीलाबाई आणि मोठी फाइल सांभाळणारी प्रियदर्शनी तायडे. वाचनालाही या दोघीच बसणार होत्या. पण रविवारी मी आलो नाही, ऋषी म्हणतो तो आला नाही. आणि गेल्या आठवड्यात प्रियदर्शनीचं आणि माझं वाजलं होतं. पुस्तकावर तिचं नाव कुठे येणार यावरून. आम्ही तिला कालपासून येऊ नका म्हणून सांगितलंय."

ते थांबले आणि टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत राहिले. "हैदराबादच्या एका संशोधन केंद्रात तिची निवड झालीय. माझं शिफारसपत्र उद्यापर्यंत जायला हवं. जिने दोन लाख ओळी नासवल्या तिच्याबद्दल मी काय लिहू? आणि नाही लिहिलं तर पोरीचं सगळं मुसळ केरात. झोप नाही मला."

त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं, हे शेफालीला ऐकू आलं. पण तिचं डोकं भलतीकडेच अडकलं होतं.

"ऋषी, एकही ओळ जुळत नाही म्हणजे खरंच एकही नाही?"

"झीरो."

"मग मला सांग, सूड उगवायला आलेला माणूस दोन लाखांतली एक ओळ तरी कंटाळून सोडेल की नाही?"

२

ऋषीने ताडण्याची आपली रीत दाखवली. एक्सेलमध्ये डाव्या रकान्यात जुनी फाइल, उजव्या रकान्यात नवी, आणि मध्ये एक सूत्र. दोन्हीकडचा मजकूर सारखा असेल तर हिरवं, नसेल तर लाल. पडदा वरपासून खालपर्यंत लालभडक होता.

शेफालीने सॅकमधून आपला लॅपटॉप काढला, दोन्ही फायली त्यावर उतरवून घेतल्या आणि काळी खिडकी उघडली. त्या खिडकीत चित्रं नसतात, बटणं नसतात. हुकूम टाइप करायचा आणि उत्तर वाचायचं. टिळेकर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

"आधी नुसत्या ओळी मोजू," ती म्हणाली आणि तिने 'डब्ल्यूसी' चालवला. नवी फाइल जुनीपेक्षा काही शे ओळींनी लहान भरली. "हं. कुणीतरी ओळी काढल्यात. पण काही शेच. मग बाकीच्या लाखो का जुळू नयेत?"

तिने 'सीएमपी' चालवला. हा हुकूम दोन फायली अक्षरश: शेजारी धरून पुढे सरकतो आणि पहिला फरक दिसला की तिथेच थांबतो. तो पहिल्याच ओळीत थांबला.

"पहिल्याच?" टिळेकर पुढे झुकले.

"बघू या काय आहे पहिल्या ओळीत." तिने दोन्ही फायलींची डोकी मागितली. 'हेड' म्हटलं की फायलीच्या वरच्या तेवढ्या ओळी दिसतात. जुनी फाइल अकोल्यापासून सुरू होत होती. नवीत अकोला दुसऱ्या ओळीवर गेला होता. पहिल्या ओळीवर, स्वतंत्र, ऐटीत बसलं होतं:

॥ श्री ॥

शेफालीला हसू आवरेना. "पंगत बसलीय आणि वरच्या टोकाला एक पाहुणा येऊन बसला, तर पुढच्या सगळ्यांना एकेक पाट सरकावं लागतं. तुझं एक्सेल पाटाचा नंबर बघून माणसं ओळखत होतं, ऋषी. अकोल्याची पहिली ओळ आता दुसऱ्या पाटावर, दुसरी तिसऱ्या. माणसं तीच, पाट बदलले. म्हणून सगळं लाल."

ऋषीचे कान लाल झाले, अगदी त्याच्या रकान्यासारखे. "बट... काही ओळी गेल्यात ना तरीही?"

"गेल्यात. त्या कुठल्या, ते 'डिफ' सांगेल. तो पाटाचा नंबर बघत नाही, चेहरे बघतो. कोण उठून गेलं आणि कोण नव्याने आलं, तेवढंच सांगतो. डावीकडे टोक असलेली खूण म्हणजे ही ओळ फक्त जुन्या फायलीत आहे, उजवीकडे टोक असलेली म्हणजे फक्त नव्यात."

तिने हुकूम दिला. दोन लाखांवर ओळी, पण उत्तर यायला चहाचा एक घोटही लागला नाही. उजव्या टोकाची ओळ एकच, ती श्रीची. बाकी सगळ्या डाव्या टोकाच्या. म्हणजे एक ओळ वाढली होती आणि काही शे ओळी उठून गेल्या होत्या. बदललेली एकही नव्हती. गेलेल्यांतल्या पहिल्या दोन ओळी लागोपाठच्या होत्या, म्हणून मध्येही पाट कुठेच पुन्हा जुळले नव्हते.

"म्हणजे फाइल नासलेली नाही!" टिळेकरांनी मोठा श्वास सोडला.

 शेफाली उठून गेलेल्या ओळी वाचत होती, आणि वाचता वाचता तिचं हसू मावळत गेलं.

"सर," ती म्हणाली, "तुम्हीच वाचा हे."

३

महारकी. महारवाट. मांगदरा. महारकीचा नाला. पुन्हा महारकी, दुसऱ्या गावची. चांभारखडी. पुन्हा महारकी.

टिळेकरांनी काही ओळी वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला. 

"ही खरी आहेत," ते म्हणाले. "कुणी जादा घातलेली नाहीत. मोजणीच्या वेळी यातली कित्येक मी स्वत: कानांनी ऐकलीत. तेव्हा पेन ड्राइव्हवरची प्रत खरी."

"आणि आता मोटिव्हही मिळालं," ऋषी हळू आवाजात म्हणाला. त्याला बोलायला बरं वाटत नव्हतं, पण बोलल्याशिवाय राहवतही नव्हतं. "प्रियदर्शनी बुद्धिस्ट आहे. तिला हे ऑफेन्सिव्ह वाटलं असणार. कुणालाही वाटेल."

टिळेकरांचा चेहरा पडला. मघाशी सुटू पाहणारी गाठ आणखी आवळली गेली होती, आणि आवळली शेफालीनेच. तिला स्वत:चा राग आला. फाइल निर्दोष ठरवली आणि मुलीला जास्तच दोषी करून ठेवलं, ही कसली मदत?

"ही नावं छापायची की नाही, यावर तुमच्यात बोलणं झालं होतं का?" तिने विचारलं.

"झालं होतं," टिळेकर म्हणाले. "वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं सरकारनेही धोरण घेतलंय. मला धास्ती होती, उगाच कुणाचं मन दुखवायचं. मी म्हटलं होतं, गाळू या का. ऋषी म्हणाला, वेबसाइटवर चाळणी लावतो."

"आणि प्रियदर्शनी?"

"ती काही बोलली नाही. त्या दिवशी तिने डबाही न खाता तसाच परत नेला."

तेव्हा गाळायची इच्छा तिघांना असू शकत होती. शेफालीने बोटं मोडली आणि पुन्हा काळ्या खिडकीकडे वळली. 'ग्रेप' हा हुकूम फायलीतून हवी ती अक्षरं असलेल्या ओळी वेचून देतो. तिने नव्या फायलीत 'महार' ही अक्षरं शोधायला सांगितलं. एकही यायला नको होती. पण ओळींचा लोंढा आला.

महाराजाचा मळा. महाराजाची समाधी. महारुखाची पट्टी.

"महारुख म्हणजे झाड," टिळेकर म्हणाले. "उंच वाढतं."

"हो ना? चाळणी लावून गाळलं असतं, तर हे महाराज आणि ही झाडंही गेली असती. चाळणीला काय कळतंय? तेव्हा ऋषी, तू सुटलास. तू एका हुकमात महाराजांनाही पाठवून दिलं असतंस." ऋषीला यात कौतुक आहे की टोला, ते कळेना. "हे काम कुणीतरी बसून केलंय. शोधायचं, समोर आलेलं वाचायचं, ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं. एकेक करून. रविवारची अख्खी दुपार गेली असेल."

लोंढा अजून चालूच होता. शेफाली एकदम पुढे सरकली.

"सर, हे बघा. सातारा, महारकी. सोलापूर, महारकी. पुणे जिल्हा, महारवाट. ही सगळी जागच्या जागी आहेत!"

तिने उठून गेलेल्या ओळींतून फक्त जिल्हे वेगळे काढले. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि तिकडे थेट गडचिरोलीपर्यंत. त्या यादीत विदर्भाबाहेरचा एकही जिल्हा नव्हता.

"तुम्हाला गाळायची असती, तर तुम्ही सबंध महाराष्ट्रातून गाळली असती," ती टिळेकरांना म्हणाली. "ज्याला राग आलाय तोही साताऱ्याला सोडून देणार नाही. मग फक्त विदर्भच का?"

 शेफालीने लॅपटॉप मिटला, सॅक उचलली.

"प्रियदर्शनी कुठे भेटेल?"

४

ती टिळक रस्त्यावरच्या एका अमृततुल्यात भेटली. तिची खोली जवळच होती, पण खोलीवर आणखी दोघी अभ्यास करत बसलेल्या. बारीक चणीची, डोळे सुजलेले, आणि बोलणं मात्र ताठ.

"ताई, तुम्हाला त्यांनी पाठवलं असेल तर सांगून टाकते, मी माफी मागणार नाही. केलंच नाही तर मागू कशाला?"

"मी नागपूरची आहे गं," शेफाली म्हणाली. "उगाच माफी मागायची सवय आपल्याकडे मलाही कुणी लावली नाही."

प्रियदर्शनीच्या ओठांची कड किंचित हलली. शेफालीने दोन कटिंग मागवले आणि सकाळपासून जे सापडलं ते एकेक करून सांगितलं. गाळलेल्या ओळी ऐकल्यावर मुलीने ग्लास खाली ठेवला.

"त्या काढल्या? कोणी?" तिचा आवाज चिरकला. "अहो ताई, त्यातली निम्मी मी आणली आहेत! सुट्टीत एसटीने गावोगाव हिंडून. आमच्या गावचं, वाशीमकडच्या उमरदरीचं नाव राधाआत्यानं सांगितलं, मी रेकॉर्ड केलंय. मी काढीन ते?"

हा धक्का खोटा नव्हता. इतक्या वर्षांत शेफालीने आपल्या चुका लपवणारे पुष्कळ पाहिले होते. त्यांना आधी स्वत:ची काळजी लागते. या मुलीला आधी ओळींची लागली होती.

"त्या दिवशी डबा परत नेलास म्हणे."

"मग काय करू? सर म्हणाले, कुणाचं मन दुखेल. ज्यांचं दुखेल त्यांतली मी समोर बसलेले, पण मला विचारलं कोणी? सगळे असे हळुवार बोलत होते, जसं काही मी त्या खोलीत आजारी पडलेय."

"आणखी एक सांग. फायलीच्या वर 'श्री' लिहायची सवय कुणाला आहे?"

झटक्यात बोलणारी मुलगी पहिल्यांदाच थबकली. तिने ग्लास उचलला, रिकामा आहे हे बघून परत ठेवला.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"नक्की?"

"नाही माहीत म्हटलं ना, ताई." आणि ती रस्त्याकडे बघत बसली.

शेफालीला कुतूहलाचा असा चिमटा बसला की तिने आपला चहा अर्धाच टाकला. स्वत:वर आळ असताना ही मुलगी कुणाला पाठीशी घालत होती?

"चल," ती म्हणाली. "ऑफिसात जाऊ. काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण ये."

५

सुशीलाबाई दुपारच्या येत. कोर्टात टायपिस्ट म्हणून उभी हयात घालवलेली बाई. काठापदराची साडी, पर्समध्ये पोळीचा डबा आणि डोळ्यांचे थेंब. प्रियदर्शनीला दारात पाहताच त्या उठल्या आणि तिचा हात धरून आपल्या शेजारी बसवलं.

"बरं झालं आणलंत," त्या शेफालीला म्हणाल्या. "मी कालपासून सरांना सांगतेय, पोरीने काही केलेलं नाही. सगळी फाइल नासवेल होय ती?"

"तुम्हाला इतकी खात्री कशी, काकू?"

"खात्री म्हणजे काय, माहीत आहे मला."

शेफालीने मान डोलवली आणि ऋषीला बाजूला घेऊन सुशीलाबाईंच्या फायली मागितल्या. बाई गावागावाची टिपणं वेगवेगळ्या फायलींत टाइप करत, आणि मग प्रियदर्शनी त्या मोठ्या फायलीत जोडत असे. त्या अशा शेकडो फायली होत्या. शेफालीने त्या सगळ्यांची फक्त पहिली ओळ मागितली. पडद्यावर वरून खाली एकच मजकूर उतरत गेला.

॥ श्री ॥. ॥ श्री ॥. ॥ श्री ॥.

"बट मोठ्या फायलीत हे कुठेच नव्हतं," ऋषी कुजबुजला.

"नव्हतं ना?" तिने सुशीलाबाईंच्या फायली एकापुढे एक जोडल्या, शनिवारच्या प्रतीतली तेवढीच गावं वेगळी काढली, आणि दोन्हींवर 'डिफ' चालवला. फरक एकाच गोष्टीचा निघाला: प्रत्येक गावाची पहिली ओळ. दुसरं अक्षरही इकडचं तिकडे झालं नव्हतं.

आता तिला सगळं दिसलं. आणि दिसल्यावर आनंद व्हायचा तसा झाला. ती चौघांच्या मध्ये येऊन बसली.

"सर, तुमच्या मंडळात दोन माणसं एकमेकींपासून चोरून ओळी काढतात," ती म्हणाली. "पहिलीचं सांगते. सुशीलाकाकू प्रत्येक फायलीवर श्री घालतात, आणि प्रियदर्शनी ती ओळ दर वेळी हळूच काढून टाकते. खरं की नाही गं?"

प्रियदर्शनी खाली बघत म्हणाली, "वेबसाइट अडते त्याने. गावाच्या जागी श्री येतं. काकूंना सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं. त्या हात जोडतात आधी, मग टाइप करतात."

"दोन वर्षं?" सुशीलाबाई थक्क झाल्या. "दोन वर्षं काढतेयस, आणि मला पत्ता नाही?"

"आता दुसरीचं," शेफाली म्हणाली. "रविवारी कुणीतरी मोठी फाइल थेट उघडली आणि सवयीने आधी श्री घातलं. मग ओळी काढल्या. हाताने, एकेक वाचून, आणि फक्त विदर्भातल्या. मी सकाळपासून विचार करतेय, फक्त विदर्भच का? उत्तर सरांनी मला दारातच दिलं होतं. सोमवारपासून विदर्भाचं वाचन होतं. मोठ्याने वाचणार कोण? तर प्रियदर्शनी; बाकीचे जिल्हे येईपर्यंत ती हैदराबादला गेलेली असणार. समोर बसून ऐकणार कोण?"

सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ज्याला ही नावं पुस्तकातून घालवायची होती, तो सातारा, सोलापूर सोडता ना. ज्याला ती या मुलीच्या तोंडून निघायला नको होती, त्याला विदर्भ पुरे होता. काकू, मी चुकतेय का?"

"नाही," सुशीलाबाई म्हणाल्या. "मीच ती. पण देवाशपथ सांगते, बाकीच्या ओळींना मी हात लावला नव्हता. ऋषी म्हणाला, एकही जुळत नाही. मी म्हटलं, मी तर थोड्याच काढल्यात, हे काहीतरी निराळंच झालंय. माझ्या श्रीमुळे सगळं लाल झालं हे मला काय ठाऊक? ठाऊक असतं तर कालच नसते का बोलले?" त्यांना रडू फुटलं. "एवढीशी पोर. रोज माझ्यासमोर बसून, मोठ्यानं, ते नाव पुन्हा पुन्हा वाचणार. मला ते ऐकवलं नसतं गं."

प्रियदर्शनीने त्यांचा हात सोडला नव्हता. पण ती बोलली ते सरळ बोलली.

"तुम्हाला ऐकवलं नसतं, काकू. मला वाचता आलं असतं."

सुशीलाबाईंनी मान वर केली.

"आमच्याकडे ती शिवी नाही नुसती," ती पुढे म्हणाली. "म्हणजे शिवी म्हणूनही ऐकलंय, खूप. पण महारकी म्हणजे वतनाची जमीन. माझ्या पणजोबांची होती. पुढे गेली हातातून. त्यांचा फोटो नाही, घर नाही, कुठल्या कागदावर नाव सापडलं नाही, मी शोधून शोधून दमले. राहिलंय ते एवढंच. गावात कुणालाही विचारलं, तर म्हातारे बोट करतात, ती बघ महारकी. म्हणजे आम्ही होतो तिथं. उद्या गावानं दुसरं चांगलं नाव ठेवलं तर मला आनंदच आहे. पण होतं ते असं होतं, हे तरी कुठेतरी लिहिलेलं राहू द्या. आणि ते मी वाचणार. मोठ्यानं वाचणार."

टिळेकर उठले. खिडकीशी गेले, परत आले.

"तायडे, माझं चुकलं," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं ते तुम्हाला विचारलं नाही, आणि विचारायची गरज नव्हती तिथे संशय घेतला. पत्र आत्ता लिहितो. त्यात हा संग्रह कुणी उभा केला तेही लिहितो. आणि पुस्तकावर तुमचं नाव माझ्या शेजारी येईल, खाली नाही."

"सॉरी, यार," ऋषी म्हणाला. मग जरा थांबून त्याने मॉनिटरवरची पिवळी चिठ्ठी काढली आणि चुरगळून खिशात टाकली.

शेफालीने गाळलेल्या ओळी जागच्या जागी बसवायचा हुकूम आधीच लिहून ठेवला होता. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं. तिने लॅपटॉप सुशीलाबाईंपुढे सरकवला.

"दाबा, काकू."

सुशीलाबाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला. पण बोट पुढे गेलं नाही. त्या पडद्यावरच्या एका ओळीकडे बघत होत्या. वाशीम, उमरदरी, महारकी. दोन वर्षं त्या या मुलीच्या शेजारी बसल्या होत्या; तिला लोणचं आणून देत होत्या, तिच्या तापात रात्रीचा डबा पाठवत होत्या, आणि तिच्या गावाबद्दल एक अवाक्षरही कधी विचारत नव्हत्या. न विचारण्यालाच त्या माया समजत होत्या.

त्यांनी एंटर दाबलं.

"प्रिया," त्या म्हणाल्या, "काय पिकायचं गं तुमच्या त्या शेतात?"

प्रियदर्शनीने त्यांच्याकडे पाहिलं. हा प्रश्न पुण्यात तिला कुणीच विचारला नव्हता. 

"तूर," ती म्हणाली. "आत्या सांगते, काकू, सगळ्या गावात आमच्यासारखी तूर नव्हती."